धुराचाही काटा करायला हवा



उसाचे बिल हातात पडले की आपण काय बघतो? एकूण रकमेकडे नजर जाते खरी, पण बोट टेकते ते वजनाच्या रकान्यावर. कुठली खेप किती टन भरली, वजावट किती धरली, कपातीत काय काय गेले, हे आपण ओळ-ओळ तपासतो. फरक वाटला तर गट ऑफिसची पायरी चढतो. चढलीच पाहिजे. ज्या सभासदाला आपला हिशेब कळत नाही त्याची संस्था फार दिवस त्याची राहत नाही, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकवले आहे.

पण एक खाते असे आहे की त्यात आपण रोज काही ना काही टाकतो आणि त्याची पावती कधी मागत नाही. ते खाते हवेचे. त्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा कागद हाती घेतला.

निमित्त झाले आमच्या तात्यांचे. मागच्या हंगामात काट्यावर नंबर लागायची वाट बघत ट्रॉलीच्या सावलीला बसलो होतो. तात्या म्हणाले, "मास्तर, रोज पेपरात येतंय, हवामान बदललं, कार्बन वाढला. ते खरं असंल. पण त्यातला माझा किती? आणि मोजायचा कशानं, पायलीनं का लिटरनं?"

मी बत्तीस वर्षे हायस्कूलात गणित शिकवले. पण तात्यांच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी आलो, जुन्या पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने आकडेमोड सुरू केली. उत्तर आले ते मलाच अनपेक्षित होते. तेच आपल्यापुढे मांडतो.

टाकी आणि दोन नळ

शाळेतले टाकीचे उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. एका नळाने टाकी भरते, दुसऱ्याने रिकामी होते, तर टाकी किती तासांत भरेल? हवेचेही तसेच आहे. आपण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून वरचा नळ सोडला आहे. समुद्र, झाडे आणि जमीन हा खालचा नळ. आपण सोडतो त्यातला निम्म्याच्या आसपास कार्बन डायऑक्साइड खालच्या नळाने जातो, बाकीचा टाकीत साठतो. हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून ही पातळी मोजली जाते. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग हा वायू होता. २०२४ साली तो ४२४ भागांवर गेला.

त्याने उष्णता वाढणार, हे काही कालचे खूळ नाही. स्वीडनमधल्या आर्‍हेनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १८९६ साली हातानेच आकडेमोड करून ते दाखवले होते. त्याचे उत्तर आजच्या अंदाजापेक्षा जास्त आले, पण रीत बरोबर होती. तेव्हा पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाला कोणी हसू नये.

वजन कसे काढायचे

रसायनशास्त्रातला एकच नियम लागतो. कार्बनच्या १२ भागांना जळताना प्राणवायूचे ३२ भाग चिकटतात आणि ४४ भाग वायू होतो. म्हणजे जळालेल्या कार्बनच्या साडेतीन पटीहून थोडा जास्त वायू बाहेर पडतो. एक लिटर पेट्रोलचे वजन भरते पाऊण किलोच्या आत, पण त्यातून वायू निघतो सुमारे २.३ किलो. तात्यांना हे पटेना. "पाऊण किलोतनं सव्वादोन किलो? काट्यात घोळ हाय!" घोळ नाही. उरलेले वजन प्राणवायूचे, ते हवेतूनच आले.

असेच डिझेलला लिटरमागे सुमारे २.७ किलो. गॅसच्या १४.२ किलोच्या एका टाकीमागे सुमारे ४३ किलो. विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो, कारण आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशाचीच आहे.

आता माझे घर. माणसे पाच, जमीन दोन एकर. एक एकर आडसाली, एक एकर खोडवा. पाच अश्वशक्तीची मोटर, एक म्हैस, एक मोटारसायकल. सालाचा हिशेब असा :

मोटारसायकल : ६,००० किलोमीटर, १३३ लिटर. त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल, तो सोडून १०६ लिटर पेट्रोल – २४५ किलो.
स्वयंपाकाचा गॅस : ६ टाक्या – २५८ किलो.
घरची वीज : महिना १०० युनिट – ८४० किलो.
ट्रॅक्टरचे डिझेल (नांगरट, सरी, बांधणी) : ६० लिटर – १६२ किलो.
पंप : ४०० तास, तासाला ४ युनिट – १,१२० किलो.
युरिया : १४ पोती – १,७०८ किलो.
म्हैस – १,४८५ किलो.

एकूण ५,८१८ किलो. पाच माणसांत वाटले तर माणशी जवळजवळ ११६४ किलो. कापड, सिमेंट, दवाखाना, एसटीचा प्रवास यात धरलेले नाही. डीएपीचाही हिशेब साधेपणासाठी सोडला आहे.

पोत्यातला धूर

हा तक्ता घरात वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांची बोटे मोटारसायकलीकडे गेली होती. तिचाच तर धूर दिसतो! प्रत्यक्षात ती खालून दुसरी निघाली. सर्वांत वर बसले होते युरियाचे पोते, ज्याचा धूर कधी कोणी पाहिला नाही.

हे कसे? पोते ४५ किलोचे. त्यात नत्र शेकडा ४६, म्हणजे २०.७ किलो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या हवामान समितीचा ढोबळ नियम असा, की जमिनीत टाकलेल्या नत्रातले शेकडा एक नायट्रस ऑक्साइड होऊन उडते. वजन करायला त्याला ४४ ने गुणून २८ ने भागायचे. पोत्यामागे आले ०.३२५ किलो. एवढेसेच, पण हा वायू फार तापट. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर त्याचा एक किलो हा कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतका. म्हणजे ८९ किलो. शिवाय युरिया मातीत फुटताना त्यातला कार्बन सुटतो, तो ३३ किलो. एकूण १२२ किलो. कारखान्यात युरिया बनवताना जळालेला नैसर्गिक वायू वेगळाच.

शेकडा एक हा सरासरी नियम आहे. माती, ओल, ऊन यांप्रमाणे तो कमी-जास्त होतो. युरिया फेकला आणि वरून पाटाने पाणी तुंबवले, की नत्र जास्त वाया जाते, हे मात्र नक्की.

आता माझी कबुली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची सर्वसाधारण शिफारस आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्र आणि खोडव्याला २५० किलो. माझा ऊस २६५ जातीचा आहे. ८६०३२ ला थोडे जादा लागते, ती गोष्ट वेगळी. माझ्या दोन एकरांना मिळून २६० किलो नत्र पुरेसे होते. मी टाकले किती? १४ पोती युरियाचे २९० किलो आणि ४ पोती डीएपीतले ३६ किलो. बेरीज ३२६. म्हणजे ६६ किलो जादा. तीन पोत्यांहून अधिक.

का टाकले? शेजाऱ्याचा ऊस काळाभोर दिसला म्हणून. दुसरे कारण नाही. गणिताचा मास्तर, पण रानात गेल्यावर नजरेने खत टाकले. त्या तीन जादा पोत्यांचे वजन झाले ३६६ किलो. सबंध सालात मोटारसायकलने काढलेल्या धुरापेक्षा हे जास्त आहे. आणि उसाला त्यातले काही मिळाले नाही. मिळाली ती फक्त लोळण आणि कीड.

पंप आणि फुकटची वीज

दुसरी मोठी रक्कम पंपाची. पाच अश्वशक्ती म्हणजे पावणेचार किलोवॅट. मोटर जुनी झाली, भरून आणलेली असली, तर तासाला साडेचार-पाच युनिटही ओढते. मी चारच धरले आहे.

एप्रिल २०२४ पासून राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल माफ केले. शेतकऱ्याला आधार मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक गोष्ट झाली. बिल येत होते तेव्हा निदान तास तरी मोजले जात होते. आता रात्री थ्री फेज आली की ऑटो स्टार्टर मोटर सुरू करतो, आणि मालक सकाळी उठून बघतो तर पाणी ओढ्याला लागलेले असते. बिल शून्य आले म्हणून धूर शून्य होत नाही. आणि विहिरीचा तळही वर येत नाही. ठिबक असेल तर तास कमी, सौर पंप असेल तर कोळसाच नाही. पण ते दोन्ही नसले तरी पाळीला घड्याळ लावणे कोणाच्याही हातात आहे.

पाचट : चालू खाते आणि ठेव

पाचटाचा धूर तक्त्यात का नाही, असे कोणी विचारील. मी पाचट जाळत नाही हे एक कारण. दुसरे समजून घेण्यासारखे आहे.

उसाने पाचटातला कार्बन हवेतून घेतला तो याच सालात. जाळला तरी तोच परत गेला. हे हवेचे चालू खाते झाले, आज भरले, उद्या काढले. कोळसा आणि पेट्रोल ही कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत ठेवलेली मुदत ठेव आहे. ती मोडली की टाकीत नवी भर पडते. म्हणूनच कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस जळतो त्याचा आणि कोळशाचा हिशेब एक नाही. इथेनॉललाही याच कारणाने सूट मिळाली. पण तिथेही फुशारकी नको. उसाला घातलेला युरिया आणि पंपाची वीज त्या इथेनॉलच्याही पोटात आहेच.

मग पाचट खुशाल जाळावे काय? मुळीच नाही. अर्धवट जळताना त्यातून मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड निघतात, ते चालू खात्यात बसत नाहीत. एकरी अडीचशे-तीनशे किलोंच्या आसपास भार त्यांचाच होतो. आणि दुसरा हिशेब थेट खिशाचा. खोडव्यात एकरी सुमारे ४ टन पाचट निघते. त्यात नत्र शेकडा अर्धा टक्का, म्हणजे २० किलो. पोत्यात किती होते? २०.७ किलो! काडी लावली की एकरी एक पोते युरिया आपण धुरात घालवतो आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीत युरियाच्या रांगेत उभे राहतो.

"कुजवायला युरिया लागतोच की," तात्या म्हणाले. लागतो. टन पाचटाला ८ किलो. पण तो मातीतच राहतो आणि पुढे पिकाला मिळतो. मी तो खोडव्याच्या हप्त्यातच धरतो. पाचटातले नत्र पहिल्याच सालात सगळे मिळत नाही, हेही खरे. पण जमिनीचा कर्ब राखणारे इतके स्वस्त खत दुसरे नाही.

म्हैस विकायची का?

घरात सर्वांत जास्त वाद झाला तो म्हशीवरून. रवंथ करताना जनावराच्या पोटातून मिथेन निघतो. म्हशीमागे सालाला ५५ किलो धरतात. मिथेनचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७ किलोंइतका. म्हणून १,४८५.

मंडळी म्हणाली, "मग आता दावणीवरून तिलाच हाकला, आणि दूध आणा पिशवीचं!" गणित नुसते बेरजेवर सोडले तर असेच होते. मिथेन हवेत दहा-बारा वर्षांत विरतो. कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेकडो वर्षे राहतो. दावणीला पिढ्यान्‌पिढ्या एकच म्हैस असेल तर तिचा भार साठत जात नाही, कोळशाचा साठतो. शिवाय ती शेण देते, दूध देते, अडचणीला पैसा देते. तेव्हा म्हैस राहील. मात्र तिला कडबा कुट्टी करून आणि हिरवा चारा घालून तेवढ्याच खाण्यात दूध वाढवले, तर लिटरमागचा भार उतरतो. आकडा वाट दाखवतो, हुकूम करीत नाही.

"हिशेब आपणच का मांडायचा?"

हा तात्यांचा शेवटचा आणि सर्वांत जड प्रश्न. "धूर करायचा अमेरिकेनं, आणि पोती मोजायची आम्ही?"

प्रश्न रास्त आहे. भारतात माणशी सालाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड पडतो. जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास, अमेरिकेची चौदाच्या घरात. माझ्या घराच्या माणशी ११६४ किलोंत तर मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही धरले आहेत, त्या आकड्यांत नाहीत. आजवर जगाने कोळसा-तेल जाळून जो वायू सोडला त्यातला चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपला शेकडा तीन-चार. माणसागणिक 'कार्बन फूटप्रिंट' मोजायचे हे शब्द घरोघर नेले तेही २००० नंतरच्या दशकात एका बड्या ब्रिटिश तेल कंपनीच्या जाहिरातींनी. तेल विकणारा नामानिराळा आणि घेणारा गुन्हेगार, असा तो डाव होता. तो आपण ओळखला पाहिजे.

आणि लांब कशाला जायचे? माझा पुतण्या अमेरिकेहून सुट्टीला येऊन जातो. विमानाला प्रवाशामागे शंभर किलोमीटरला सुमारे ३ लिटर इंधन. जाऊन-येऊन २५ हजार किलोमीटर, ७५० लिटर, पावणेदोन टनांहून जास्त. माझ्या घरातल्या एका माणसाचे दीड साल त्याच्या एका सुट्टीत गेले. उलट आमच्या रानात ऊस तोडणाऱ्या टोळीकडे बघा. ना मोटर, ना मोटारसायकल, खोपीत एक बल्ब. वर लिहिलेल्या कुठल्याही रकान्यात त्यांचे जवळजवळ काही नाही. पण मार्चचे ऊन त्यांच्याच डोक्यावर असते. भरणारा एक आणि फेडणारा दुसरा, असले हे खाते आहे.

मग तात्यांना उत्तर काय दिले? म्हटले, हिशेब मांडणारा माणूसच भांडू शकतो. काट्यावर भांडायला आपण आपली पावती घेऊन जातो, रिकाम्या हाताने जात नाही. माझा आकडा माझ्याकडे असेल तर मी ताठ मानेने म्हणेन, की माझे एवढे, आता तुमचे दाखवा.

नुकसान कोणाचे

जग सध्या सालाला सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडते. शास्त्रज्ञांचा मेळ असा, की दर १,००० अब्ज टनांना पृथ्वी सुमारे ०.४५ अंशाने तापते. चाळीसने हजाराला भागा. पंचवीस वर्षे. म्हणजे याच वेगाने गेलो तर आज लावलेले आंब्याचे रोप भर बहरात येईल तोवर जवळजवळ अर्धा अंश वाढलेला असेल.

अर्ध्या अंशाने काय होते? हवा एक अंशाने तापली की तिच्यात शेकडा ७ जास्त वाफ मावते. ती पडते तेव्हा धो-धो पडते, आणि नसते तेव्हा जमीन जास्त शोषली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठाला उसाच्या शेंड्यावरून पाणी गेलेले आपण पाहिले. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच सालच्या डिसेंबरात साखर कमी पडेल या धास्तीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली. एका पुराचे किंवा एका दुष्काळाचे बिल एकट्या या धुरावर फाडता येत नाही, त्यात नदीकाठची बांधकामे आली, एल निनो आला. पण फासा कोणत्या बाजूला जड होत चालला आहे ते दिसते. आणि पाण्यावर जगणारे पीक आपण घेतो.

राज्यात उसाखाली बारा-चौदा लाख हेक्टर असतात. तीस लाख एकर धरू. एकरी एक पोते युरिया वाचला तर ३० लाख पोती, ३ लाख ६६ हजार टन भार कमी. जगाच्या ४० अब्ज टनांपुढे हा लाखात एक भाग. खोटी आशा मी दाखवणार नाही. पण पोत्याची किंमत २६६ रुपये ५० पैसे धरली तर ते होतात ८० कोटी रुपये. शिवाय सरकार प्रत्येक पोत्यावर याच्या कितीतरी पट अनुदान भरते ते वेगळे. जगाचे कल्याण होईल तेव्हा होईल, जमिनीचे आणि खिशाचे आजच होते.

म्हणून संचालक मंडळापुढे आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे नम्र सूचना ठेवतो. एक, ऊसनोंद घेतानाच शेतकी खात्याने तीन रकाने भरावेत : युरिया किती पोती, पंप किती तास, पाचट जाळले की कुजवले. नावाचे फलक लावू नयेत, ज्याचा आकडा त्याच्याच हाती द्यावा. दोन, माती तपासणीचा अहवाल टक्क्यांत न देता "तुमच्या एकराला इतकी पोती" असा द्यावा. तीन, पाचट कुट्टीचे यंत्र प्रत्येक गटात माफक भाड्याने मिळावे. चार, कारखान्यानेही आपला कोळसा, डिझेल, बगॅस आणि वीज यांचा असाच हिशेब वार्षिक अहवालात छापावा. सभासदाला विचारायचे तर संस्थेनेही सांगितले पाहिजे.

माझ्यापुरते मी यंदा ठरवले आहे. ११ पोती, त्याहून एक मूठ जास्त नाही. शेजाऱ्याचा ऊस कितीही काळा दिसो. तात्यांनी पैज लावली आहे, की माझे टनेज घटणार. हंगाम संपला की काट्याची पावती जशी येईल तशी याच पानावर छापायला देईन. घटले तर घटले म्हणून लिहीन.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
(निवृत्त गणित शिक्षक)